आंतरभारतीचे साने गुरुजी

गेल्या डिसेंबरात, नाताळच्या सुटीपूर्वी, आमच्या वर्गाची सहल तोरणमाळास गेली होती. सातपुड्याच्या माथ्यावर साडेतीन हजार फुटांहून अधिक उंचीवर वसलेले हे ठिकाण नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यात आहे. वाचकांपैकी पुष्कळांनी तेथील यशवंत तलाव, सीताखाई व गोरखनाथाचे मंदिर पाहिलेही असेल. तेव्हा स्थलवर्णन करून आम्ही अंकातील जागा अडवीत नाही. आम्हांस सांगावयाचे आहे ते निराळेच आहे.

आमच्या वर्गात अक्राणीकडचा एक पावरा विद्यार्थी आहे. तो वसतिगृहात राहतो. वर्षाच्या आरंभी मराठीच्या तासाला तो धडा वाचू लागला की त्याच्या उच्चारांतील पावरी वळण ऐकून आम्ही हसत असू. हसण्यात द्वेष नव्हता, असे आम्ही आमच्या मनाची समजूत घालीत होतो. परंतु दिवाळीनंतर त्याने मोठ्याने वाचणेच सोडून दिले, ही गोष्ट खरी. तोरणमाळास दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही आठ-दहा जण वाट चुकून एका पाड्यावर जाऊन पोहोचलो. तेथे एका म्हाताऱ्या बाईखेरीज कोणी नव्हते. आम्ही मराठीत विचारले, हिंदीत विचारले, हातवारे केले. ती नुसतीच आमच्याकडे पाहत राहिली. तेव्हा मागे राहिलेला तो मुलगा पुढे आला व तिच्याशी तिच्या बोलीत बोलू लागला. क्षणार्धात त्या माउलीचा चेहरा उजळला. तिने पाणी दिले, मक्याची भाकर दिली, आमची गावे व आमच्या आयांची खुशाली विचारली, आणि शेवटी आम्ही न सांगताच एक गाणे म्हटले. तो भाषांतर करून सांगे तेवढेच आम्हांस कळे. त्या अर्ध्या तासात वर्गातला अडाणी कोण, हा प्रश्न आमच्या प्रत्येकाच्या मनात येऊन गेला असला पाहिजे; कारण परतीच्या वाटेवर कोणीच फारसे बोलले नाही.

सहलीहून परतलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी 24 डिसेंबर होता. हा कै. साने गुरुजींचा जन्मदिवस. दरवर्षी त्यांच्या तसबिरीस हार घालून आम्ही मोकळे होत असू. यंदा मात्र तसे झाले नाही. ग्रंथालयातून त्यांची पुस्तके व त्यांच्याविषयीची पुस्तके काढून सुटीत वाचली, आणि त्यांतून जे मनात राहिले ते पुढे देत आहो.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म 1899 साली रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड या गावी झाला. घराणे खोताचे, पण त्यांच्या बालपणीच वैभव ओसरून दारिद्र्य आले होते. आई यशोदाबाई हीच त्यांची पहिली शाळा, हे 'श्यामची आई' वाचलेल्या कोणासही सांगावयास नको. पालगडचे शिक्षण संपल्यावर त्यांस पुण्यास मामांकडे धाडण्यात आले, परंतु तेथे त्यांचे मन रमले नाही; मग ते दापोलीच्या मिशन शाळेत दाखल झाले. आपल्यासारख्याच एका शाळेच्या बाकावर ते बसले होते, याचे आम्हांस कौतुक वाटले हे कबूल करावयास हरकत नाही. पुढे पैशाअभावी शिक्षण थांबण्याची वेळ आली, तेव्हा गरीब विद्यार्थ्यांची जेवणाची सोय होते असे ऐकून ते औंध संस्थानात गेले. तेथे प्लेग उद्भवला म्हणून घरी परतले, आणि अखेर पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयातून 1918 साली मॅट्रिक झाले. याच धडपडीत 1917 साली आई वारली. पुढे न्यू पूना कॉलेजातून त्यांनी बी.ए. व एम.ए. या पदव्या मिळविल्या. अर्धपोटी राहून शिकणारा हा कोकणी तरुण लाजाळू होता, हळवा होता. पुढारी होण्याची कोणतीही लक्षणे त्याच्या ठिकाणी दिसत नव्हती.

'श्यामची आई'तील एक प्रसंग येथे सांगितला पाहिजे, कारण पुढच्या मोठ्या गोष्टीचे बीज त्यात आहे. एक वृद्ध महार स्त्री डोक्यावरील लाकडांची मोळी पडल्यामुळे रस्त्यात खोळंबली होती. शिवाशिवीच्या भयाने कोणी तिला हात लावीना. आईने श्यामास पाठविले व मोळी उचलून देण्यास सांगितले. मात्र परत आल्यावर स्नान करावयासही सांगितले. तो काळ ध्यानात घेतला म्हणजे त्या माउलीचे धैर्य लहान ठरत नाही. तरीही मदतीनंतरचे ते स्नान आमच्या मनात खुपत राहिले. मुलाच्याही मनात ते खुपत राहिले असावे, असे त्याचे पुढील आयुष्य पाहून वाटते.

पुण्याहून साने अमळनेरास आले ते तत्त्वज्ञान मंदिरात अध्ययन करण्याकरिता. परंतु ग्रंथांपेक्षा मुलांत त्यांचा जीव अधिक रमणारा होता. 1924 साली ते तेथील हायस्कुलात शिक्षक झाले. हेच पुढे प्रताप हायस्कूल म्हणून प्रसिद्धीस आले. त्यांच्याकडे वसतिगृहाची देखरेखही आली. आज अमळनेर जळगाव जिल्ह्यात आहे व आपण नंदुरबार जिल्ह्यात. पण त्या काळी ते पूर्व खानदेश व हा भाग पश्चिम खानदेश, आणि दोहोंस जोडणारी ताप्तीकाठची रेल्वे आजही तीच आहे. खानदेशी मुलांच्या तोंडी अहिराणी, आणि गुरुजी बोलणार कोकणातल्या ब्राह्मण घरची मराठी. पाहुणा कोण होता, तर गुरुजी होते. त्यांनी मुलांस आपल्यासारखे बोलावयास लावण्याआधी आपण मुलांचे झाले.

ते कसे झाले, हे वसतिगृहात राहणाऱ्या वाचकांनी जरा लक्षपूर्वक वाचावे. मुले सकाळी शाळेत निघून गेली की गुरुजी त्यांच्या खोल्यांतून फिरत. कोणाचे अंथरूण अस्ताव्यस्त असेल तर घडी घालून ठेवीत, कंदिलाच्या काचा पुसून ठेवीत, केर काढीत, प्रसंगी मळके कपडेही धुऊन टाकीत. मुलांना बोलणे म्हणून काही नाही. काही दिवसांनी मुलांनाच लाज वाटू लागली व ती आपापली कामे आपण करू लागली, इतकेच नव्हे तर शेजाऱ्याचीही करू लागली. आजारी मुलाच्या उशाशी रात्र जागून काढणारा हा वॉर्डन होता. आम्ही हा भाग वाचून आमच्या खोलीकडे पाहिले व पुस्तक मिटून आधी केरसुणी हाती घेतली. (ही केरसुणी तीन दिवस टिकली. चौथ्या दिवशी पुन्हा गुरुजींचे पान उघडावे लागले.)

याखेरीज त्यांनी एक उद्योग आरंभिला होता, तो आम्हांस फार आवडला. रात्री मुले निजली म्हणजे ते 'छात्रालय' नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढीत व सकाळी फळ्यावर लावीत. त्यात देशोदेशीच्या वार्ता, थोरांच्या कथा, कविता, आणि वसतिगृहातील लहानमोठ्या गोष्टी असत. छापखाना नाही, वर्गणी नाही. एक माणूस, एक बोरू आणि रोजचे जागरण. पुढे 1928 साली त्यांनी 'विद्यार्थी' मासिक काढले व ते मुलांत अतिशय लोकप्रिय झाले. आपला हा वार्षिक अंक वर्षातून एकदा काढताना संपादक मंडळाची जी त्रेधा उडते, ती पाहिली म्हणजे रोज अंक काढणाऱ्या ह्या पुरुषाविषयी आदर दुणावतो.

1930 साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. सहा वर्षांची ही आवडती नोकरी सोडून गुरुजी चळवळीत उतरले व त्यांस शिक्षा झाली. आधी धुळ्याचा तुरुंग, आणि मग तेथून दूर दक्षिणेतील त्रिचनापल्लीचा. सरकारच्या लेखी ती कैद्याची रवानगी होती. गुरुजींच्या आयुष्यात मात्र तीच खरी यात्रा ठरली. त्या तुरुंगात तमिळ, तेलुगू, कानडी, मल्याळी बोलणारे राजबंदी होते. सारे एकाच देशासाठी कारावास भोगणारे; पण एकमेकांचे सुखदुःख समजून घ्यावे तर मध्ये परकी इंग्रजी उभी. शेजारच्या बराकीतील माणूस आपल्या आईच्या भाषेत काय गुणगुणतो आहे, हे आपणास कळू नये, याचे गुरुजींना अतिशय दुःख झाले. आम्हांस तोरणमाळच्या पाड्यावर जे अर्धा तास वाटले, ते त्यांस महिनोन्महिने वाटत राहिले असे म्हणावयास हरकत नाही. भेद एवढाच की आम्ही गप्प बसलो आणि ते शिकावयास बसले. तुरुंगात त्यांनी तमिळ व बंगाली या भाषांचा अभ्यास केला. तिरुवल्लुवराच्या 'कुरल' या 1330 द्विपद्यांच्या तमिळ ग्रंथाचे पुढे त्यांनी मराठीत भाषांतर केले. तुरुंगातील त्या हळहळीतूनच 'आंतरभारती'ची कल्पना त्यांच्या मनात उदय पावली.

1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर प्रवचन देत, व गुरुजी ते उतरून घेत. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आज अनेक भाषांत वाचला जातो, तो त्या लेखणीमुळे उरला. पुढे नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी 1933 मध्ये अवघ्या पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहून काढली. ती 1935 साली प्रसिद्ध झाली, आणि 1953 साली आचार्य अत्रे यांनी तिच्यावर काढलेल्या चित्रपटास पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. 1930 पासून 1947 पर्यंत गुरुजींना एकंदर आठ वेळा अटक झाली व सहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात गेला. फैजपूरच्या 1936 सालच्या काँग्रेस अधिवेशनाकरिता त्यांनी खानदेशातील खेडी पायाखाली घातली. राजकारणाचा हा भाग मोठा आहे. पण तो इतिहासाच्या पुस्तकांत सापडतो, म्हणून आम्ही येथे थांबत नाही.

त्यांच्या ग्रंथांच्या यादीपुढे मात्र आम्ही बराच वेळ थांबलो. ह्यूगोच्या फ्रेंच कादंबरीवरून त्यांनी 'दुःखी' लिहिली. 'भारतीय संस्कृती' लिहिणाऱ्या ह्याच लेखणीने 'इस्लामी संस्कृती' हा ग्रंथही लिहिला. शेजाऱ्याच्या धर्माविषयी ऐकीव गोष्टी बोलण्यापेक्षा त्याचा अभ्यास करावा, ही त्यांची रीत होती. आणि 'स्त्री-जीवन' हा तर ओव्यांचा संग्रह. जात्यावर दळताना, पाळणा हलविताना बायाबापड्यांच्या मुखी जे येते, ते हा एम.ए. ठिकठिकाणांहून गोळा करीत होता, अर्थासह मांडीत होता. ज्या ओव्यांना त्यांच्या रचणाऱ्यांनीही कधी साहित्य म्हटले नसेल, त्यांना त्यांनी ग्रंथात मानाचे स्थान दिले. लेखनापैकी त्यांचे सर्वांत मोठे काम कोणते, असे कोणी विचारल्यास बहुतेक जण 'श्यामची आई'चे नाव घेतील. आम्ही मात्र, आमच्या अल्पमतीप्रमाणे, ह्या ओव्यांचे घेऊ.

आता पंढरपूर. विठ्ठलाच्या दारी सर्व महाराष्ट्र जातो म्हणावयाचे, आणि अस्पृश्य मानलेल्या भक्ताने मात्र चोखोबाच्या समाधीपाशी बाहेरच उभे राहावयाचे, ही स्थिती शतकानुशतके चालत आली होती. स्वराज्य दाराशी येऊन ठेपले असता देवाचे दार बंद असावे, हे गुरुजींना सहन होईना. मंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषणाचा निश्चय 1946 सालीच केला होता. मित्रांनी लोकमत तयार करण्यास अवधी मागितला, तेव्हा ते दौऱ्यावर निघाले. काही महिने त्यांनी महाराष्ट्र पिंजून काढला. वयोवृद्ध सेनापती बापट त्यांच्या पाठीशी होते, आणि राष्ट्र सेवा दलाची तरुण मुलेमुली पोवाडे व गाणी घेऊन गावोगाव फिरत होती. ह्या मुलांचे वय पाहिले तर बरीचशी आपल्याहून चार-सहा वर्षांनीच मोठी असतील. सभेत बोलावयाचे, गाणे म्हणावयाचे, मग गावच्या विहिरीपाशी, देवळापाशी जाऊन गावकऱ्यांचे मन वळवावयाचे, असा तो क्रम होता. ह्या दौऱ्यात अनेक गावांनी आपली देवळे व पाणवठे सर्वांस मोकळे केले. पंढरीच्या आधी ठिकठिकाणच्या लहान पंढऱ्या उघडल्या, असे म्हटले तरी चालेल.

तथापि पंढरपूर उघडेना. 1 मे 1947 रोजी गुरुजींनी तेथे उपोषणास आरंभ केला. विरोध कडवा होता, आणि विरोध करणारेही आपणांस धर्मनिष्ठच समजत होते. ऐन वैशाखाचा उन्हाळा, आधीच अशक्त झालेली प्रकृती. गुरुजींना कोणाचा पराभव करावयाचा नव्हता. ज्यांनी दार लावले त्यांच्याच हातून ते उघडावे, अशी त्यांची इच्छा होती. दहाव्या दिवशी, 10 मे रोजी, मंदिर सर्वांस खुले करण्याचे ठरले व उपोषण सुटले. पालगडच्या रस्त्यावर मोळी उचलून देऊन घरी स्नानास येणारा मुलगा आम्हांस येथे पुन्हा आठवला. आईने जेथवर आणून सोडले होते तेथून पुढची वाट त्याने स्वतः चालून पुरी केली.

15 ऑगस्ट 1948 रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. ते आजही पुण्याहून निघते. ह्या अखेरच्या वर्षांत आंतरभारतीचा ध्यास त्यांनी घेतला होता. स्वराज्यात भाषावार प्रांत होणार हे दिसत होते, व ते व्हावे असेच लोकांस वाटत होते. परंतु प्रत्येक प्रांत आपल्याच भाषेचा अभिमान धरून शेजाऱ्याकडे पाठ फिरवील तर काय, ही चिंता त्यांस लागली होती. त्यावर त्यांनी योजिलेला उपाय शाळामास्तरासच सुचावा असा होता. निरनिराळ्या प्रांतांची मुले एकत्र राहावीत, त्यांनी एकमेकांच्या भाषा, गाणी, कथा व कला शिकाव्यात, प्रत्येक तरुणाने मातृभाषेखेरीज भारतातील निदान एक तरी भाषा मनापासून आपलीशी करावी. म्हणजे अमळनेरचेच वसतिगृह, फक्त त्याच्या भिंती हिमालयापासून कन्याकुमारीपर्यंत रुंदावलेल्या. 1949 साली पुण्याच्या साहित्य संमेलनातही त्यांनी ही कल्पना मांडली.

ती संस्था उभी राहिलेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. गांधीजींच्या हत्येने त्यांच्या मनास बसलेला घाव भरून आला नव्हता. देशात जे चालले होते त्याने ते अधिकाधिक व्याकूळ होत गेले. 11 जून 1950 रोजी वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. त्यांच्या मागे त्यांच्या स्नेह्यांनी आंतरभारतीचे कार्य हाती घेतले, आणि रायगड जिल्ह्यात माणगावजवळ वडघर येथे त्यांचे राष्ट्रीय स्मारकही झाले. 2024 च्या फेब्रुवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरास भरले, तेव्हा गुरुजींच्या त्या गावी सारा मराठी मुलूख लोटला होता.

एक शंका आम्हांस वाचताना आली, ती लपवीत नाही. आंतरभारती म्हणजे तमिळ, बंगाली, कानडी ह्या मोठ्या भाषा, ज्यांना लिपी आहे, ग्रंथ आहेत. पावरी, भिली यांचे काय? ज्या बोलीत पाठ्यपुस्तक नाही तिच्याशी आंतरभारतीचा संबंध कसा जोडावयाचा? ह्या शंकेचे उत्तर आमच्या मते 'स्त्री-जीवन'च्या ओव्यांत आहे. ओव्यांनाही आधी ग्रंथ नव्हता. कोणीतरी बसून ऐकले व उतरून घेतले, म्हणून तो झाला. आणि तमिळ शिकावयास गुरुजींना त्रिचनापल्लीस जावे लागले. आपणांस तर एका वर्गाच्या चार भिंतींत पावरी, भिली, अहिराणी, गुजराती, उर्दू व मराठी मिळते. शेजारच्या बाकापर्यंत जाण्यास रेल्वेचे तिकीट लागत नाही, आणि नेमका तोच प्रवास आम्ही दोन वर्षांत केला नव्हता.

सुटी संपल्यावर आम्ही त्या मुलाकडे गेलो. क्षमा कशी मागावी हे कोणासच नीट जमले नाही; एकाने चार शब्द बोलण्यास आरंभ केला व तो मध्येच अडखळला, तेव्हा तोच हसला. मग ठरले ते असे. वसतिगृहाच्या फळ्यावर पंधरा दिवसांनी एक हस्तलिखित पान लावावयाचे, नाव अर्थातच 'छात्रालय'. पानाच्या डाव्या बाजूस एखादे गाणे, कोडे वा गोष्ट तिच्या मूळ बोलीत, देवनागरी अक्षरांत. उजव्या बाजूस मराठी अर्थ. अर्थ लिहावयाचा तो दुसऱ्या बोलीच्या मुलाने, आणि तो तपासावयाचा ज्याची बोली त्याने. होळीच्या सुटीत जो जो घरी जाईल त्याने आपल्या आजीकडून एक तरी गाणे उतरून आणावे, असाही नियम झाला आहे. धडगावकडच्या मुलांनी होळीपूर्वीच्या भोंगऱ्या बाजाराची हकिगत लिहून देण्याचे कबूल केले आहे. काही जणांना हा पोरखेळ वाटतो, काहींना परीक्षेच्या वर्षी ही नसती उठाठेव वाटते. त्यांचेही म्हणणे अगदीच खोटे आहे असे नाही, कारण पहिल्या पानास आम्हांस तीन रात्री लागल्या.

त्या पहिल्या पानावर तोरणमाळच्या आजीबाईचे गाणे आहे. आमच्या मित्रास ते लहानपणापासून पाठ होते. पाड्यावर तो ते ऐकून नुसता मान डोलावीत होता, हे आम्हांस आता कळले. मराठी अर्थ आम्ही केला व त्याने तो तीनदा खोडला. एके ठिकाणी आम्ही पाऊस समजलो होतो तो पाऊस नव्हता, सासरी निघालेली मुलगी होती. मराठीच्या तासाला शिक्षकांनी ते पान वर्गात मागविले आणि वाचावयास त्यालाच उभे केले. दिवाळीनंतर प्रथमच तो मोठ्याने वाचीत होता. आधी पावरी, मग मराठी. त्यानंतर आम्ही सर्वांनी ते गाणे त्याच्यामागून म्हटले. पाचवी ओळ आम्ही अजूनही चुकीचीच म्हणतो, असे तो म्हणतो, आणि ती ऐकताना आता तो हसतो.